तिकीटखिडकीतल्या वह्या: वाघ गेल्यावर एका घरच्या सर्कशीचं काय झालं

या प्रकरणातल्या कुटुंबाचं, त्यांच्या सर्कशीचं आणि मुक्कामाच्या गावांचं नाव मी दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. कायदे, निकाल आणि त्यांच्या तारखा मात्र जशाच्या तशा आहेत. मी या घराचा करसल्लागार. नव्वदच्या दशकापासून त्यांचे हिशेब माझ्याकडे आहेत. २००१ च्या पावसाळ्यात ज्या बैठकीत सगळं ठरलं, तिथे मी हजर होतो. तिथल्या काही निर्णयांत माझाही शब्द होता आणि त्यातला एक साफ चुकला. तोही इथे लिहिला आहे.

पार्श्वभूमी

सांगली-मिरजेकडच्या माणसाला सर्कस कधी परकी वाटलीच नाही. भारतातली पहिली सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे. पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी ते घोड्यांचं काम बघत. किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली, ती त्यांनी पाहिली आणि १८८० मध्ये स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस सुरू केली. त्यांच्यामागून याच पट्ट्यातून आणखी सर्कशी निघाल्या. म्हैसाळच्या देवलांचं नाव जुनी माणसं अजून घेतात. छत्र्यांची सर्कस फिरत फिरत केरळात तलश्शेरीला गेली. तिथे कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकांनी १९०१ मध्ये सर्कशीचं शिक्षण देणारी शाळा काढली. पुढे देशभरातल्या तंबूंना झोक्यावरचे कलाकार मिळाले ते बहुतांशी तिथूनच. म्हणजे मालक आणि घोडे आमच्याकडचे, उड्या मारणारे तिकडचे, अशी ही जुनी सोयरीक.

या घराचे आजोबा मोतद्दार होते. एका जुन्या सर्कशीत त्यांनी पंधरा वर्षं घोड्यांना खरारा केला. ती सर्कस मोडली तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी त्यांनी दोन घोडे आणि कनातीचं कापड मागून घेतलं. सुरुवातीला तंबूच नव्हता. जत्रेत चारी बाजूंनी कनात लावायची, मधे बेचाळीस फूट व्यासाचं रिंगण आखायचं आणि घोडा फिरवायचा. हे बेचाळीस फुटांचं माप त्यांनी ठरवलेलं नव्हतं. अठराव्या शतकात लंडनच्या फिलिप ॲस्टली या घोडेस्वारानं ते रूढ केलं आणि जगभरच्या सर्कशींनी ते घेतलं. एवढ्या गोलात घोडा एका लयीत दौडला की तो आतल्या बाजूला झुकतो, आणि पाठीवर उभ्या असलेल्या माणसाला तोल सापडतो. आजोबांना यातलं गणित ठाऊक नव्हतं. पण दोरीच्या गाठी मारून ते माप त्यांनी जन्मभर जपलं. ती दोरी मी पाहिली आहे. बोटभर जाडीची, हातांच्या तेलानं काळी पडलेली, दर फुटावर गाठ.

मुलाच्या हाती कारभार आल्यावर सर्कस मोठी झाली. दोन मुख्य खांबांचा तंबू आला, लाकडी गॅलऱ्या आल्या, आकाशात फिरणारा सर्चलाइट आला. वाघ, सिंह, अस्वलं आणि हत्तीण आली. पन्नास ते सत्तरच्या दशकांत या सर्कशीनं चांगले दिवस पाहिले. सर्चलाइटचा झोत दहा-बारा मैलांवरून दिसायचा आणि खेड्यातली माणसं बैलगाड्या जुंपून यायची.

हे दुसऱ्या पिढीचे मालक गेले तेव्हा मागे तीन भावंडं राहिली. थोरले दादा वयाच्या सतराव्या वर्षापासून पिंजऱ्यात उतरत होते. वाघ-सिंहांचा सगळा खेळ त्यांचा. धाकटे भाऊ तरुणपणी झोक्यावर झेलणारे होते. खांदा निकामी झाल्यावर तंबू, गाड्या आणि खलाशी, म्हणजे तंबू उभारणारे-उतरवणारे कामगार, त्यांनी पाहिले. मधल्या आक्का. लहान वयात वैधव्य आलं, माहेरी परतल्या आणि तिकीटखिडकीत बसल्या त्या चाळीस वर्षं तिथेच बसल्या. मालक म्हणून कागदावर नाव दादांचं आणि भाऊंचं. आक्कांचं कुठेही नव्हतं.

अडचण

१४ ऑक्टोबर १९९८ रोजी केंद्र सरकारनं अधिसूचना काढली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह या प्राण्यांना खेळासाठी शिकवायचं नाही आणि त्यांचे खेळ दाखवायचे नाहीत. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातल्या कलम २२ खाली ही बंदी होती.

दादांनी ती मनावर घेतली नाही, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्याला कारण होतं. अशीच अधिसूचना मार्च १९९१ मध्ये निघाली होती. तिच्यात सिंह नव्हते, पण कुत्री होती. सर्कसवाले दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली, सरकारला फेरविचार करावा लागला आणि नव्या यादीतून कुत्री वगळली गेली. एकदा अंगावर आलेलं संकट असं वाऱ्यावर गेलेलं ज्यानं पाहिलं, तो दुसऱ्यांदा घाबरत नाही. "कोर्टात आहे ना? मग आपला खेळ चालू," हे दादांचं वाक्य मी त्या काळात किती वेळा ऐकलं असेल.

या काळात दोन निर्णय असे झाले की त्यांचे परिणाम पुढे दहा वर्षं भोगावे लागले. पहिला, १९९९ च्या सुमारास कर्ज काढून पिंजऱ्यांच्या दोन नव्या गाड्या बांधून घेतल्या. जुन्या गाड्यांच्या तळाला गंज चढला होता, त्यामुळे जनावरांसाठी ते गरजेचंच होतं. पण कर्जाची मुदत सात वर्षांची होती आणि सात वर्षांनी वाघ आपल्याकडे असतील का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीसुद्धा नाही. दुसरा निर्णय म्हणजे जो घेतलाच नाही तो. झोक्यांचा संच म्हातारा होत चालला होता. दोघेजण चाळिशी ओलांडलेले. नवा संच बसवायला दोन-अडीच वर्षं लागतात. त्याच तीन वर्षांत तो बसवता आला असता.

६ जून २००० ला केरळ उच्च न्यायालयानं बंदी योग्य ठरवली. १ मे २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. सर्कस तेव्हा खानदेशात होती, ऐन सुट्टीच्या हंगामात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी आली. भाऊंनी पेपर दादांच्या राहुटीत नेऊन ठेवला आणि काही न बोलता बाहेर आले.

समोरचे पर्याय

पावसाळ्यात सर्कस गावाकडच्या तळावर असते. कापडं वाळवायची, शिवायची, गॅलऱ्यांना डांबर द्यायचं, गाड्या दुरुस्त करायच्या. त्या जूनमध्ये तळावर सत्तर-ऐंशी माणसं होती, चार वाघ, तीन सिंह, दोन अस्वलं, सहा घोडे, एक हत्तीण आणि कुत्री. आम्ही चौघं तीन दिवस बसलो.

पहिला पर्याय होता सर्कस बंद करण्याचा. तंबूचं कापड, खांब, गॅलऱ्या, खुर्च्या, जनरेटर, गाड्या विकून कर्ज फिटलं असतं. मी कागदावर मांडून दाखवलं. पण माणसांची देणी भागली नसती. काहींचे दोन-दोन हंगामांचे पैसे मालकाकडे ठेव म्हणून होते. सर्कशीत ही पद्धत जुनी आहे. कलाकार पगारातला भाग मालकाकडेच ठेवतो आणि घरी जाताना मागतो. कागद नाही, पावती नाही. आक्का म्हणाल्या, "ते पैसे आपले नव्हेतच." हा पर्याय तिथेच मिटला.

दुसरा पर्याय एका मोठ्या सर्कशीच्या मालकाकडून आलेला होता. घोडे, हत्तीण आणि निवडक कलाकार ते घेणार होते, दोघा भावांना पगारावर ठेवणार होते. नाव जाणार. हिशेबाच्या दृष्टीनं हा सगळ्यांत सुरक्षित मार्ग होता आणि मी तसं सांगितलंही. पण खलाशी, आचारी, जाहिराती चिकटवणारे आणि पिंजऱ्याकडची माणसं यांच्याबद्दल त्या प्रस्तावात अवाक्षर नव्हतं.

तिसरा पर्याय दादांचा. खेळ नको तर नको, पण जनावरं पिंजऱ्यात ठेवून लोकांना नुसती बघू द्यायची. हे कायद्यात बसत नव्हतं. जनावरं नुसती लोकांना दाखवायला ठेवली की, जागा फिरती असली तरी, वन्यजीव संरक्षण कायद्यात ते प्राणिसंग्रहालय ठरतं आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय ते चालवता येत नाही. शिवाय वाघाला रोज सहा-आठ किलो मांस लागतं, आठवड्यातला एक उपासाचा दिवस सोडला तर. हे दादांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मला वाटतं हा पर्याय त्यांनी मांडला तो मान्य व्हावा म्हणून नव्हता. एवढ्यात ती जनावरं जाणार, हे मोठ्यानं कोणी बोलू नये म्हणून होता.

चौथा पर्याय, वाघ-सिंहांवाचून सर्कस चालवायची. यावर दादा आणि भाऊ दोघांचं एकमत होतं: चालणार नाही. लोक वाघ बघायला येतात.

वह्या

तिसऱ्या दिवशी दुपारी आक्का आत गेल्या आणि एक पत्र्याची ट्रंक ओढत घेऊन आल्या. आत लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या होत्या, जवळजवळ तीस. मी त्या पूर्वी पाहिल्या होत्या, पण करासाठी लागणारी तिकिटांची बेरीज तेवढी उतरवून घेत असे. बाकीचे रकाने कधी वाचलेच नव्हते.

प्रत्येक खेळाची एक ओळ. गाव, तारीख, खेळ दुपारचा की रात्रीचा. खुर्ची, गॅलरी आणि जमीन, तिन्ही दर्जांची तिकिटं. पाऊस, बाजाराचा दिवस, परीक्षा, जवळपास कुठे जत्रा किंवा तमाशाचा फड. कोणता खेळ झाला नाही आणि का. शेवटचा रकाना "विचारणा". खिडकीशी येऊन लोकांनी काय विचारलं, ते त्यात लिहिलेलं. "पाळणा किती वाजता?" "लहान मुलाला तिकीट लागतं का?" "परवा आलो होतो, तो बुटका जोकर आज आहे का?" "वाघ खरा आहे का?"

त्या रात्री मी आणि आक्का कंदिलाशी बसून एकच गोष्ट शोधत होतो: वाघांचा खेळ न झालेले दिवस. एका हंगामात मुख्य वाघाच्या पंजाला जखम झाली होती आणि सलग दोन मुक्काम पिंजऱ्याचा खेळ बंद होता. आधीच्या आणि नंतरच्या मुक्कामांशी ताडून पाहिलं. पहिल्या तीन दिवसांत गर्दी कमी होती, आणि ती कमी होती हे स्पष्ट दिसत होतं. त्यानंतर फरक नव्हता. उलट दुसऱ्या एका वर्षी जाळी फाटल्यामुळे झोके बंद होते, तेव्हा पहिले तीन दिवस नेहमीसारखे गेले आणि दुसऱ्या आठवड्यात गॅलरी रिकामी पडली.

आक्कांनी याचा अर्थ एका दमात सांगितला. वाघ पोस्टरवर असतो, तो पहिल्यांदा माणूस आणतो. झोके आणि जोकर बघून माणूस घरी जातो आणि शेजाऱ्याला सांगतो. दुसरा आठवडा शेजाऱ्यांचा असतो. आणि आपला मुक्काम दुसऱ्या आठवड्यावर जगतो, कारण पहिल्या आठवड्याचं उत्पन्न तंबू हलवण्यातच जातं.

इतकी वर्षं हे उत्तर खिडकीत बसलेलं होतं. आक्कांना कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय मालकीत नाव नसलेल्या बहिणीनं बोलायचं नाही, असं त्या घरात चालत आलं होतं. याबद्दल मला आजही वाईट वाटतं, कारण ती वही दरवर्षी माझ्याच टेबलावरून जात होती.

सकाळी आक्कांनी वही दादांपुढे ठेवली. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी नसलो तरी चाललं असतं." आक्का म्हणाल्या, "तू नसतास तर पहिले तीन दिवस कोण आलं असतं?" चौथा पर्याय ठरला.

काय केलं

माणसांना त्याच दिवशी सांगितलं, सगळ्यांना एकत्र बोलावून. पिंजऱ्याकडे काम करणाऱ्या सहाजणांना दोन वाटा दिल्या: हिशेब घेऊन जायचं किंवा घोड्यांकडे यायचं. चौघं राहिले. कलाकारांच्या ठेवींची पहिल्यांदा यादी झाली, प्रत्येकाची सही घेतली. हे काम माझ्याकडे होतं आणि त्याला आठवडा लागला. एकाच्या सव्वीस वर्षांच्या ठेवीचा हिशेब त्यानं मनात ठेवला होता. आक्कांच्या वहीतल्या आकड्याशी तो रुपयासकट जुळला.

भाऊ तलश्शेरीला गेले आणि झोक्यांचा तयार संच दोन हंगामांच्या करारावर घेऊन आले. ते महाग पडलं. पण नवा संच घडवायला जी वर्षं लागली असती ती आम्ही आधीच घालवली होती. घोड्यांच्या खेळाला पुन्हा मधली जागा मिळाली. आजोबांच्या वेळचा, धावत्या घोड्यावर उभं राहून कमानीतून उडी मारायचा खेळ वीस वर्षांपूर्वी बंद पडला होता. जुन्या मोतद्दाराच्या मुलीनं तो सहा महिन्यांत बसवला. रिंगण आखायला गाठींची दोरी बाहेर निघाली.

मग पोस्टरांचा प्रश्न आला. उडी घेणाऱ्या वाघाची हजारो पोस्टरं गोदामात होती. नवी छापायची तर पैसे नव्हते. भाऊंचं म्हणणं, पहिल्या मुक्कामाला हीच लावू, खाली कोपऱ्यात बारीक चिठ्ठी चिकटवू. आक्का नको म्हणाल्या. मी आकडे मांडून भाऊंची बाजू घेतली.

पहिला मुक्काम कोकणच्या वाटेवरच्या एका बाजारपेठेच्या गावी होता. पहिल्या रात्री गॅलरी भरली. मध्यंतर झालं, पिंजऱ्याच्या जाळ्या काही लागेनात, आणि मागून ओरडा सुरू झाला. खुर्च्या रिंगणात आल्या. पोलीस आले. आक्कांनी खिडकी उघडली आणि ज्यानं मागितले त्याला पैसे परत दिले, तिकिटाचा तुकडा नसेल त्यालाही. दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे थांबताच आलं नाही. सहाव्या दिवशी तंबू उतरवला. उरलेली पोस्टरं भाऊंनी स्वतः जाळली. पुढच्या गावी एका रंगात छापलेलं साधं पत्रक होतं: घोडे, झोके, जोकर, हत्तीण. आणि ठळक अक्षरात, "वाघ-सिंह नाहीत".

जनावरं लगेच गेली नाहीत. सर्कशींमधल्या वाघ-सिंहांसाठी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं बचावकेंद्रं उभी करायला घेतली होती. बन्नेरघट्टा, विशाखापट्टणम, तिरुपती अशा ठिकाणी. तिथे जागा होऊन आमची पाळी यायला बरेच महिने गेले. या काळात जनावरं मिळवून काही देत नव्हती आणि खायला पूर्वीइतकंच लागत होतं. मांस निम्म्यावर आणा, असं सुचवणारे लोक भेटले. दादांनी पिंजऱ्याच्या नव्या गाड्यांपैकी एक विकली, तोट्यात विकली, पण एका दिवसाचंही मांस कमी केलं नाही. गाडी आली त्या सकाळी तीन वाघ सरळ चढले. थोरली वाघीण चढेना. वनखात्याची माणसं बेशुद्धीचं औषध काढू लागली. दादांनी हात केला, पिंजऱ्याशी जमिनीवर बसले आणि तिला जेवणाच्या वेळी घालायचे तशी बारीक शीळ घातली. चाळीस मिनिटं लागली. ती चढल्यावर ते उठले, धोतराची माती झटकली आणि घोड्यांच्या तबेल्याकडे निघून गेले. त्यानंतर मी त्यांच्या हातात चाबूक पाहिला नाही.

परिणाम

पहिला हंगाम तोट्यात गेला. बराचसा तोटा त्या एका मुक्कामाचा आणि जनावरांच्या खाण्याचा होता. दुसऱ्या हंगामात सर्कस जेमतेम आपल्या पायावर आली. तिसऱ्यात थोडं उरलं. वहीचं भाकीत खरं निघालं, पण अर्धंच. दुसरा आठवडा टिकला, पहिले तीन दिवस मात्र कधीच पूर्वीसारखे भरले नाहीत. त्यामुळे मुक्काम लांबवावे लागले आणि वर्षाचे मुक्काम घटले. तंबू लहान केला, एका खांबाचा. कापड बदलताना भाऊंनी आग न धरणारंच कापड घ्यायचा हट्ट धरला, उधारीवर का होईना. ७ फेब्रुवारी १९८१ ला बंगळुरूत व्हीनस सर्कशीच्या तंबूला आग लागली आणि नव्वदहून अधिक माणसं गेली, त्यात बहुतेक लहान मुलं. त्या वेळी भाऊ झोक्यावर होते. त्या दिवसापासून तंबूच्या कापडाला हात लावला की त्यांच्या मनात ते यायचं, असं ते मला म्हणाले होते.

गाड्यांचं कर्ज ठरल्यापेक्षा तीन वर्षं उशिरा फिटलं. कलाकारांच्या ठेवी सगळ्या परत झाल्या.

पुढचा पेच मुलांचा. १८ एप्रिल २०११ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यावर बंदी आणायला सांगितलं. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यात करमणुकीच्या क्षेत्रातल्या बालकलाकारांना सवलत मिळाली, पण सर्कस त्यातून स्पष्ट शब्दांत वगळली. या वेळी घरानं वाट पाहिली नाही. २०११ च्या उन्हाळ्यातच भाऊंची नात, जी चार वर्षांपासून रिंगणात वाढली होती, खेळातून काढली आणि तालुक्याच्या शाळेत घातली. इतर दोन मुलींनाही. घरातल्या घरात यावर मोठं भांडण झालं, कारण ती मुलगी जातिवंत होती आणि सर्कशीतलं शरीर लहानपणीच घडतं, हे खरंच आहे. तरीही मला तो निर्णय या घरानं घेतलेल्या निर्णयांतला सगळ्यांत चांगला वाटतो.

मार्च २०२० मध्ये तंबू मराठवाड्यातल्या एका गावी उभा होता. टाळेबंदी लागली आणि चाळीस माणसं, पाच घोडे तिथेच अडकले. गावानं धान्य दिलं, चारा दिला. जूनमध्ये तंबू उतरवून गावाकडे आणला, तो पुन्हा चढला नाही. आता लाकडी गॅलऱ्या कुस्त्यांच्या मैदानांना भाड्यानं जातात. तळावरच्या शेडमध्ये भाऊंची तीच नात पोरांना जिम्नॅस्टिक्स शिकवते.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते मुख्य चूक १९९८ ते २००१ मधली. दादांनी कोर्टावर भरवसा ठेवला यात चूक नव्हती. कोर्टात जायचं आणि त्याच वेळी दुसरी तयारीही करायची, हे दोन्ही एकदम करता आलं असतं. झोक्यांचा संच तेव्हा घडवायला घेतला असता तर बंदी उठली असती तरी तो वाया गेला नसता. निकाल कोणताही लागो, हा खर्च उपयोगीच होता. पिंजऱ्याच्या गाड्यांचं तसं नव्हतं. त्यांच्यावरचा पैसा फक्त एकाच निकालात वसूल होणार होता. कर्जाच्या कागदावर सही होताना हा फरक मी दाखवून द्यायला हवा होता. ते माझं काम होतं.

पोस्टरांबद्दल मी लिहिलंच आहे. खर्चाचा आकडा माझ्यासमोर होता, म्हणून तो मोठा दिसला. फसवल्या गेलेल्या माणसाचा आकडा माझ्याकडे नव्हता. तो आक्कांकडे होता, विचारणेच्या रकान्यात.

मालकीचा कागद तिघांच्या नावे आधीच असता तर आक्का बैठकीला तिसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन आल्या नसत्या. १९९९ च्या कर्जाच्या वेळीच समोर बसल्या असत्या. २००३ मध्ये भागीदारीचा नवा करार झाला आणि त्यात त्यांचं नाव आलं. सही करताना त्यांनी विचारलं, मागच्या तारखेपासून करता येईल का? करता येत नव्हतं.

एका प्रश्नावर मी अजून ठाम नाही. तो मोठ्या सर्कशीचा प्रस्ताव स्वीकारला असता तर दोघा भावांची शेवटची वर्षं स्वस्थ गेली असती. खलाशांची गेली नसती. दादा २०१४ मध्ये गेले. ते शेवटपर्यंत म्हणत होते की आपण बरोबर केलं. भाऊ तेवढं ठामपणे म्हणत नाहीत.

आक्का आता तळावरच राहतात. वह्या त्यांनी मला दिल्या आहेत. मधल्या सहा वर्षांच्या वह्यांना वाळवी लागली होती, त्यांतलं जेवढं वाचता येतं तेवढं एक मुलगी माझ्या ऑफिसात बसून उतरवून काढते आहे. शाई उडालेल्या ओळी ती फोनवरून आक्कांना वाचून दाखवते आणि गाव व तारीख सांगितली की आक्का बाकीची ओळ भरून देतात.